मरु उद्यानात चालत पक्षी बघायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं एक जोडपं, वर्षानुवर्षं सह्याद्रीत ट्रेक करणारं आणि अलीकडे पक्ष्यांच्या नादाला लागलेलं, डिसेंबरच्या शेवटी जैसलमेरला चाललंय. राष्ट्रीय मरु उद्यानासाठी चार दिवस ठेवलेत. जीपमधून नाही, पायी फिरून पक्षी बघायचेत. हे जमतं का, माळढोक दिसेल का, दुर्बीण आठपटीची पुरेल की दहापटीची घ्यावी, आणि परतीच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा आहे त्यात काय करावं?

जमतं. फक्त ट्रेकची सवय घरी ठेवून या. सह्याद्रीत आपण पायथ्यावरून माथ्यावर जातो, वाटेत जे दिसेल ते बघतो. इथे माथाही नाही आणि वाटही नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा किलोमीटर चाललात तर खूप झालं. बारा-पंधरा चाललात तर पक्षी कमीच दिसतील. कारण साधं आहे. झाडोरा नसल्यामुळे पक्ष्याला तुम्ही अर्ध्या किलोमीटरवरून दिसता, आणि सतत हलणारी उभी आकृती त्याला आवडत नाही. जंगलात आपण आवाजावर चालतो, इथे नजरेवर बसायचं असतं. चालायचं ते एका जातीच्या जमिनीवरून दुसऱ्या जातीच्या जमिनीवर जाण्यापुरतं. तिथे पोचलात की खाली बसा, पंधरा-वीस मिनिटं दुर्बिणीने सावकाश सगळं शिवार पिंजून काढा, मग पुढे. माझ्या मते या उद्यानात पायी फिरण्याचा खरा फायदा हाच आहे की जमीन कुठे बदलते ते पायाला कळतं. जीपमध्ये बसलेल्या माणसाला सगळं सारखंच दिसतं आणि मग तो ‘इथे काहीच नाही’ म्हणून समच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त बघायला निघून जातो.

आधी परवानगीचं सांगतो, कारण बरेच जण इथेच अडकतात. हे उद्यान १९८० साली जाहीर झालं. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. नाव राष्ट्रीय उद्यानाचं असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे, आणि त्याच्या पोटात सत्तरहून जास्त गावं आहेत. त्यामुळे ताडोबासारखं एक गेट, एक सफारी, एक वेळ असा प्रकार इथे नाही. रस्ते आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, आणि मधेमधे वनखात्याने तारेचं कुंपण घालून राखलेले गवताचे पट्टे आहेत. सुदासरी हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. या कुंपणांच्या आत मनाला येईल तसं पायी फिरायचं नाही. ती माळढोकाची घरं आहेत. आत कुठे, कसं आणि कोणाबरोबर जाता येईल, हे जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयात ठरतं. निघण्याआधी फोन करून ‘पायी चालण्याची परवानगी हवी आहे’ असं स्पष्ट शब्दांत विचारा. नुसतं ‘एन्ट्री’ विचारलंत तर उत्तर गाडीचं मिळेल. कुंपणाबाहेरच्या शिवारात गावातलाच माणूस बरोबर घ्या. त्याला प्रत्येक नाडी (गावतळं), प्रत्येक ओरण (देवाच्या नावाने राखलेलं रान) आणि प्रत्येक ढाणीवरचं (वस्तीवरचं) चावरं कुत्रं माहीत असतं. शेवटची माहिती पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त कामाची आहे.

मुक्काम समला नको. समचे वाळूचे ढीग शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर पश्चिमेला आहेत आणि डिसेंबरअखेर तिथे तंबू, डीजे आणि जीपगाड्यांची जत्रा असते. नैर्ऋत्येचं खुहडी त्या मानाने शांत आहे. गावातच राहण्याची सोय होते आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की पक्षी सुरू होतात.

आता जमीन. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या लाटा येतात, पण उद्यानाचा मोठा भाग तसा नाही. सरकत्या वाळूच्या टेकड्यांना तिथे धोरा म्हणतात. धोऱ्यांवर पक्षी सगळ्यात कमी. त्यांच्या पायथ्याला फोग आणि खींप यांची झुडपं असतात, तिथे एशियन डेझर्ट वॉर्बलर नावाचा फिकट वाळूच्या रंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा एवढासा वटवट्या उंदरासारखा जमिनीवरून पळत एका झुडपातून दुसऱ्यात शिरतो. गंमत म्हणजे बऱ्याचदा तो डेझर्ट व्हीटइअरच्या, म्हणजे आपल्या रणगोज्याच्या, मागेमागे फिरतो. रणगोजा उंच बसून पहारा करतो आणि हा त्याच्या जिवावर खाली चरतो. म्हणून फोगाच्या शेंड्यावर रणगोजा दिसला की त्याची नोंद करून लगेच पुढे जाऊ नका. त्याच्या पायथ्याचं झुडूप मिनिटभर बघा.

धोऱ्यांच्या मधल्या सपाटीवर सेवण गवत असतं. झुबक्याझुबक्याने वाढणारं, चिवट आणि फार कमी पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारं. माळढोक, हुबारा, भोवत्या (म्हणजे हॅरियर, गवतावरून उडत शिकार करणारा पक्षी), चंडोल हे सगळे या गवताचे आश्रित. हुबारा हा मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा माळढोकाचा धाकटा भाऊबंद. राजस्थानात त्याला तिलोर म्हणतात. १९७०च्या दशकाअखेरीस याच तिलोरासाठी अरब शिकारी ससाणे घेऊन जैसलमेरला उतरायचे. जयपुरात त्याविरुद्ध मोठा गदारोळ झाला, तेव्हा कुठे ते थांबलं. तिलोर आजही लाजरा आहे. माणूस दिसला की उडत नाही, गवताच्या झुबक्यामागे चपटा होऊन बसतो आणि समोर असून दिसत नाही.

तिसरी जमीन म्हणजे मगरा: दगडगोट्यांची कडक, जवळजवळ उघडी सपाटी. नवखे लोक ती ओलांडायची घाई करतात, आणि मी पहिली सकाळ तिथेच घालवायला सांगतो. पिवळट धाविक, म्हणजे क्रीम-कलर्ड कोर्सर, इथला. सासवड किंवा कडबनवाडीच्या माळावर तुम्ही भारतीय धाविक पाहिला असेल. हा त्याच्यापेक्षा बराच फिकट, सुकलेल्या पेंढ्याच्या रंगाचा. चार पावलं तुरुतुरु पळतो, थांबतो, मान ताठ करतो, पुन्हा पळतो. थांबला की जमिनीत विरघळतो, म्हणून त्याला शोधायचं ते हालचालीवर. तुम्ही चालत असाल तर ती हालचाल सुटते. काळ्या डोक्याची डोंबारी, शॉर्ट-टोड चंडोलांचे थवे, आणि नशीब जोरावर असेल तर वाकड्या लांब चोचीचा हुपो-लार्क याच पट्ट्यात. हुपो-लार्क बसलेला असताना कोणी बघणार नाही इतका साधा. पंख उघडले की त्यावरचा काळा-पांढरा पट्टा बघून हुदहुद उडाला असं वाटतं.

चौथी जमीन पाण्याची. खडीन म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर रब्बीचं पीक घ्यायचं. पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेरभर ही पद्धत वापरली आणि कितीतरी खडीनांत आजही पीक निघतं. वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखात हिवाळ्यातला हिरवा चौकोन म्हणजे पक्ष्यांचा बाजार. कुरजां, म्हणजे डेमॉझेल क्रेन, इथे उतरतात, पिवळे धोबी असतात, वरून भोवत्या घिरट्या घालतात. पण पीक कोणाचं तरी असतं. बांधावरून चला, पिकातून नको.

आणि यांत न बसणारं एक ठिकाण: ओरण. देवीच्या किंवा लोकदेवतेच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईच्या नात्यातलं, फक्त इथे खेजडी, जाळ, केर आणि बोरडी असते. लाकूडतोड नाही म्हणून मोठी झाडं टिकलीत, आणि मोठी झाडं म्हणजे गिधाडांची नि गरुडांची बसायची जागा. देगरायचं ओरण त्यातलं प्रसिद्ध. ओरणात शिरताना तिथल्या माणसाला विचारा आणि देवळापाशी कसं वागायचं ते तो सांगेल तसं करा.

या मुलखातला एक पक्षी मी माळढोकाइतकाच वरचा मानतो, आणि तो पायी फिरणाऱ्यालाच नीट दिसतो. स्टोलिझ्काचा बुशचॅट. आपल्या गप्पीदासाचा भाऊबंद, पण फार थोड्या प्रदेशात सापडणारा. जगात त्याचा मुख्य आसरा म्हणजे हे थरचं वाळवंट आणि त्याच्या आसपासचा कोरडा पट्टा. दूरून तो गप्पीदास वाटतो. मग चोच बघा, ती लांब आहे. डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, गळा पांढरा, छातीवर फिकट बदामी छटा, आणि नर उडाला की शेपटीत पांढरं चमकतं. पण ओळख पक्की होते ती वागण्यावरून. गुडघाभर उंचीच्या झुडपावर बसलेला नर खाली किडा बघतो, उतरतो आणि जमिनीवर पोचला की छातीची पिसं फुगवून गोल होतो. मग तसाच फुगून अंग या बाजूला, त्या बाजूला वळवत किड्याकडे सरकतो. दोन-तीन सेकंदांचा खेळ. इतर कोणताही बुशचॅट असं करत नाही. हे बघायचं असेल तर पन्नास-साठ मीटरवर बूड टेकून बसावं लागतं. त्याला तुमची सवय झाली की तो त्याच चार झुडपांवर फेऱ्या मारत राहतो. तुम्ही चार पावलं पुढे सरकलात की तोही तेवढाच पुढे सरकतो, आणि असा पाठलाग करत लोक त्याला त्याच्या हद्दीबाहेर हाकलतात.

व्हीटइअरांबद्दल थोडं, कारण पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्यातच गोंधळाल. रंगाकडे बघू नका, शेपटी बघा. रणगोज्याची शेपटी जवळजवळ पूर्ण काळी. इझाबेलाइन व्हीटइअर सगळाच मातकट, ताठ उभा राहणारा, लांब पायांचा. त्याच्या शेपटीचा खालचा अर्धाच भाग काळा. व्हेरिएबल व्हीटइअर नावाप्रमाणे तीन वेषांत येतो. गळा काळा, पोट पांढरं हा वेष तुम्हाला जास्त दिसेल, आणि तो बहुतेक घरं, भिंती, दगड यांच्या आसपास असतो. रेड-टेल्ड व्हीटइअरच्या शेपटीला विटकरी रंग, आणि त्याला दगडाळ जागा लागते. बसलेला पक्षी न ओळखता आल्यास तो उडेपर्यंत थांबा. उडाला की दोन सेकंदांत निकाल लागतो.

दिवसाचं वेळापत्रक आता. जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य सव्वासातच्या नंतरच उगवतो. पहाटे साडेचारला उठून बसण्यात अर्थ नाही. साडेसहाला चहा घेऊन निघा. पहिला अर्धा तास वाळूवरचे ठसे वाचा. रात्रीच्या वाऱ्याने पाटी पुसलेली असते आणि कोल्हा, उंदीर, भुंगेरे, सगळ्यांची हजेरी लागलेली असते. मोठ्या पक्ष्याचा ठसा दिसला तर मागच्या बोटाची खूण शोधा. मोराचा आणि रेव्हनचा, म्हणजे मोठ्या डोमकावळ्याचा, ठसा मागे बोट दाखवतो. माळढोक, तिलोर आणि धाविक यांना मागचं बोट नसतंच. तीन बोटं, सगळी पुढे. ठसा पंजाएवढा मोठा आणि तीनच बोटांचा असेल तर त्या दिशेने पुढे जाऊ नका, तिथेच बसून दूरवर दुर्बीण लावा.

सूर्य वर आला की गरुडांकडे वळा. हवा तापून वर चढायला लागेपर्यंत, साधारण साडेनऊ-दहापर्यंत, ते बसलेले असतात: खेजडीवर, विजेच्या खांबांवर, आणि स्टेप ईगल तर सरळ जमिनीवर, मातीच्या ढेकळासारखे. स्टेप आणि टॉनी या दोन गरुडांत घोटाळा होतोच. जवळून दिसला तर चोचीच्या कोपऱ्यापासून निघणारी पिवळी रेघ बघा: स्टेपची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते, टॉनीची डोळ्याच्या मधोमध थांबते. लग्गड ससाणा इथला रहिवासी; आता देशभर दुर्मीळ झालाय, इथे खांबावर मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. सापमार गरुड, लाँग-लेग्ड बझर्ड, केस्ट्रल हे येताजाता दिसतील. बहुतेकांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, सांड्यावर. काटेरी शेपटीचा हा पालीसारखा दांडगा प्राणी बिळाच्या तोंडाशी ऊन खातो आणि अर्धं आकाश त्याच्यावर टपलेलं असतं. थंडीच्या ऐन कडाक्यात मात्र तो बिळातून बाहेर पडायला नाखूष असतो.

गिधाडांसाठी गावातल्या माणसाला एकच प्रश्न विचारा, मेलेली गुरं कुठे टाकता? त्या जागेपासून अंतर राखून बसा. हिवाळ्यात एकाच मढ्यावर युरेशियन ग्रिफन, काळं गिधाड, लाल डोक्याचं, पांढरं अशी सरमिसळ बघायला मिळू शकते. गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि मढ्यातून गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ साली बंदी आली, पण तोपर्यंत देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. म्हणून हे दृश्य नाक दाबून का होईना, बघाच. तिथली कुत्री मात्र टोळीने असतात. पायी एकट्याने जवळ जाऊ नका.

साडेआठ ते दहा हा पाण्याचा वेळ. त्या वेळी नाडीवर असलं पाहिजे, आणि पाखरं येण्याआधी. नाडी म्हणजे गावतळं; चारी बाजूंनी तुडवलेला चिखल, कडेला बाभळी. बांधाच्या आडोशाला, पाण्यापासून निदान चाळीस मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन बसा. आधी आवाज येतो, ‘कुट-रो, कुट-रो’. मग आठ-दहा पखुर्ड्या, म्हणजे सँडग्राउस, खूप उंचावरून एक वळसा घालून जातात, आणि तुम्हाला वाटतं गेल्या. पुन्हा वळसा. मग पाण्यापासून दूर, उघड्या जमिनीवर उतरतात आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहतात. नर वाळूच्या रंगाचा, छातीवर बारीक काळी रेघ. मादी ठिपक्यांची नि रेघांची. एकीने पाऊल उचललं की सगळ्या चालत पाण्याशी येतात, पाच-सात घोट, आणि एकदम भुर्र. पाण्याशी असतात ते जेमतेम दहा-पंधरा सेकंद. कॅमेऱ्याची सेटिंग आधीच लावून ठेवा. पिल्लं असण्याच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात बुडवून भिजवतो आणि तसाच ओला उडत जाऊन पिल्लांना त्या पिसांतून पाणी पाजतो. हिवाळ्यात ते बघायला मिळणं कठीण, पण एखादा नर पाण्यात जरा जास्त वेळ रेंगाळला तर नजर हटवू नका. पखुर्ड्यांत ठिपकेवाली स्पॉटेड आणि काळ्या पोटाची मोठी अशा दोन हिवाळी पाहुण्याही असतात, म्हणून प्रत्येक थव्यातला प्रत्येक पक्षी तपासा. तुम्ही मधेच उठून उभे राहिलात तर तो थवा न पिता जातो. तहानलेल्या पाखराची ती एक फेरी फुकट जाते, एवढं भान ठेवा.

दहानंतर दुर्बिणीत जमीन हलायला लागते. तापलेली हवा थरथरते, आणि दूरचा प्रत्येक खुंट माळढोक दिसतो. अकरा ते तीन सावलीत काढा, ढाणीवर ताक प्या, झोपा. तीननंतर पुन्हा बाहेर. सकाळी पश्चिमेकडे चालत जा, संध्याकाळी पूर्वेकडे, म्हणजे ऊन नेहमी पाठीशी राहतं. मुक्काम मधोमध असेल तर हे आपोआप जमतं. सूर्यास्ताआधी सेवणच्या एखाद्या मोठ्या पट्ट्याच्या कडेला थांबलात तर भोवत्या, म्हणजे माँटेग्यूचा आणि पॅलिड, रात्रीच्या मुक्कामाला एकेक करून गवतात उतरताना दिसू शकतात. ते जिथे उतरतात तिकडे जायचं नाही.

आता माळढोक. दिसेल का? दिसू शकतो, पण त्याच्यासाठीच चाललो आहोत असं ठरवून येऊ नका. थरमधली त्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास मानली जाते, आणि त्यातला मोठा हिस्सा उद्यानाबाहेर पोकरण-रामदेवराच्या बाजूला, लष्कराच्या बंद हद्दीत आहे. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजसाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, तेव्हा त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता; आज नान्नजला माळढोक दिसला तर ती पेपरात येणारी बातमी असते. तेव्हा जैसलमेरचा हा कळप म्हणजे जवळपास सगळी शिल्लक. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि कुत्री, कोल्हे, कावळे टपलेले असतात. मोठ्या अंगाचा हा पक्षी उडताना समोरचं नीट बघू शकत नाही आणि विजेच्या तारांवर आदळतो. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता, मार्च २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली. दरम्यान २०१९पासून सम आणि पुढे रामदेवरा इथे भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थान वनखातं आणि केंद्र सरकार मिळून रानातली अंडी उबवून पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ही केंद्रं पर्यटकांना खुली नाहीत. तिथे जाऊन हुज्जत घालू नका.

दिसला तर कसा दिसेल? बहुधा सेवणमधून वर आलेला एक पांढरट खुंट, मीटरभर उंच. खुंट हलला की मान. नराच्या डोक्यावर काळी टोपी आणि छातीवर काळा पट्टा. मादी बरीच लहान, तिचा पट्टा तुटक किंवा नसल्यातच जमा. नराचा गळ्याची पिशवी फुगवून घुमण्याचा नाच उन्हाळा-पावसाळ्यात असतो, आणि त्या काळात तिथे न जाणंच बरं. डिसेंबरात तो शांतपणे चरताना दिसेल. चरणं थांबवून त्याने मान ताठ केली की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आहात. खाली बसा किंवा मागे फिरा. फोटो टाकताना जागेचा उल्लेख नको, आणि फोनमधलं लोकेशन बंद करून मगच फोटो काढा. ‘सुदासरीजवळ, अमुक वाजता’ अशी एक पोस्ट पडली की दुसऱ्या दिवशी तिथे दहा जीप असतात. रेकॉर्डिंग वाजवून कुठलाच पक्षी बोलावू नका, हे सांगायला नको खरं तर, पण दर हिवाळ्यात सांगावं लागतं.

दुर्बीण आठचीच घ्या, ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहाची इथे हात आणि हवा दोन्ही हलवते, आणि आठचं विस्तीर्ण दृश्य पळत्या धाविकाला जास्त उपयोगी पडतं. अंतराची गरज स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकडोळी दुर्बीण, भागवतो, म्हणून दोघांत मिळून एक स्कोप आणि हलका तिपाई असावा. वाळूपासून काचा जपा: आधी ब्लोअर, मग कापड. कोरडं कापड थेट घासलंत तर लेन्सचं सॅंडपेपर झालंच समजा.

कपडे मातकट रंगाचे, थरांचे. पहाटे पाच अंशांच्या आसपास हुडहुडी भरते आणि दुपारी पंचवीसला शर्ट नकोसा होतो. लोकरी किंवा फ्लीसची पँट मात्र अजिबात नको. भुरट नावाचं एक गवत आहे. त्याची काटेरी बोंडं लोकरीत अशी अडकतात की संध्याकाळ ती वेचण्यातच जाते, आणि बोटं सोलून निघतात ते वेगळं. गुळगुळीत सुती पँट, आणि घोट्यावर कापडी गेटर. वाळूही आत जात नाही, भुरटही नाही. बूट सह्याद्रीतले जड नकोत, हलके आणि जाळी नसलेले. धोरा चढायचाच असेल तर वाऱ्याच्या बाजूने चढा, तिथे वाळू दाबून बसलेली असते. पलीकडच्या घसरत्या उतारावर एक पाऊल वर आणि अर्धं खाली असं होतं. पाणी माणशी तीन लिटर, थंडी असली तरी. फुरसं थंडीत सुस्त असतं, पण झुडपात हात घालण्याआधी आणि बूट घालण्याआधी बघायची सवय ठेवा.

वाट चुकणं इथे सोपं आहे, कारण खुणेला डोंगर नाही. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, मुक्कामाचं ठिकाण त्यात खूण करून ठेवा. पवनचक्क्यांच्या रांगा माळढोकाच्या शत्रुपक्षात असल्या तरी दिशेला उपयोगी पडतात, हे नाइलाजाने कबूल करतो. मोबाइलची रेंज जाते-येते. म्हणून सॅटेलाइट फोन किंवा परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर बरोबर घ्यायचा मोह होईल. परवान्याशिवाय ते आपल्या देशात बेकायदा आहे, आणि हा सीमेलगतचा जिल्हा आहे. ड्रोनही नको. सीमेकडचे काही भाग अधिसूचित आहेत, तिथे वेगळ्या परवान्याशिवाय जाता येत नाही. ओळखपत्र खिशात ठेवा, आणि सीमा सुरक्षा दलाच्या माणसाने थांबवलं तर दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक दाखवा. बहुतेक वेळा तोच सांगतो की कुरजां कुठे बसलीत.

राहिला अर्धा दिवस. तो अकलच्या जीवाश्म उद्यानाला द्या, जैसलमेरहून बाडमेर रस्त्याला सतरा किलोमीटर. जुरासिक काळातल्या, साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं तिथे उघड्यावर पडलेली आहेत. लोक खोडं बघून वीस मिनिटांत परततात. तुम्ही आजूबाजूच्या दगडाळ उतारांवर तासभर थांबा. वाळूच्या पट्ट्यात चार दिवस न दिसलेले पक्षी इथले आहेत: डेझर्ट लार्क, स्ट्रायोलेटेड बंटिंग आणि ट्रम्पेटर फिंच. फिंच आधी ऐकू येते, नाकात बोलल्यासारखा लांबट, चिरका सूर. मग दगडांत बी टिपणारी जाड चोचीची, फिकट गुलाबी झाक असलेली चिमणी शोधायची. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर बसगाड्या येतात. अकरापर्यंत शहरात परत येता येतं, आणि गाडी दुपारनंतरची असेल तर गडीसर तलावावर पाणपक्ष्यांची एक चक्कर मारूनही वेळ उरतो.